इंग्रजी शब्दांची यादी: सोपं-कठीण कोणी ठरवायचं आणि उच्चार कसा लिहायचा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लालबागला एका चाळीच्या सभागृहात आम्ही काही जण संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. येणारी सगळी कमावती माणसं. रुग्णालयातल्या आया, टॉवरवरचे सिक्युरिटीवाले, मॉलमध्ये काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, डिलिव्हरीची पोरं, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची. एबीसीडी सगळ्यांना येते, पाट्या वाचता येतात. बोलायची वेळ आली की अडतं.

त्यांच्यासाठी शब्दांची यादी करतेय. शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ आणि काठिण्यपातळी असे चार रकाने. पातळीसाठी कौन्सिल ऑफ युरोपच्या सहा पायऱ्या घेतल्या, ए१ पासून सी२ पर्यंत. २००१ साली त्यांनी हा आराखडा छापला आणि आता जगभर तोच चालतो. ऑक्सफर्डची तीन हजार शब्दांची यादीही याच पायऱ्यांवर लावलेली आहे, ती समोर ठेवली.

पण त्या यादीचा आणि माझ्या वर्गाचा मेळ बसत नाही. 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक' हे ए१ म्हणजे अगदी पहिल्या पायरीवरचे, आणि वर्ग नेमका यांच्यावरच अडतो. उलट 'अर्जंट', 'गॅरंटी', 'टेन्शन', 'ॲडजस्ट' हे बी पायरीवरचे शब्द आमच्या ताई मराठी बोलतानाच दिवसभर वापरतात. मुंबईतल्या मराठी माणसासाठी सोप्या-कठीणची मांडणी वेगळी हवी, असं माझं मत होत चाललंय. तुम्हाला काय वाटतं? आणि उच्चार देवनागरीत लिहावा की आयपीएची, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लिपीची चिन्हं शिकवावीत? शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनी, दोघांनीही सांगा.

विरार_फास्ट

देवनागरीच. दहा तासांची ड्युटी करून आलेल्या माणसाला उलटा ई आणि टोपीवाला यू शिकवू नका, तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

खारी_बिस्कीट

वाचतेय. फार गरजेचा धागा.

गिरगावकर_आजोबा

पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नाचा इतिहास फाळणीआधीच्या आपल्या देशातच आहे. शब्द किती वेळा वापरला जातो ते मोजून शिकणाऱ्यासाठी यादी करायची, या कामात मायकेल वेस्ट यांचं नाव मोठं. हे गृहस्थ ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी साधं पुस्तक वाचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तकं काढली. १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. पुढच्या कित्येक याद्यांचं मूळ तिच्यात आहे.

पण अशी यादी काय मोजते ते लक्षात घ्या. छापील इंग्रजीत शब्द किती वेळा आला, हे ती मोजते. तो शब्द लालबागच्या बाईला जड जातो की हलका, हे तिला कळायला मार्ग नाही. वारंवार येणारा म्हणजे सोपा, हे समीकरण इंग्रजी घरात बोलली जाते तिथे बऱ्यापैकी जुळतं. आपल्याकडे 'अपॉइंटमेंट' घराघरात आहे, आणि 'गेट' शब्द म्हटला की डोळ्यांपुढे सोसायटीचं फाटक येतं.

नाइट_ड्युटी

मी परिचारिका आहे, परळ भागात. आजोबांच्या फाटकावरून आठवलं. आमच्याकडे नवीन आयाबाई येतात तेव्हा अनोळखी शब्दांचा त्रास कमी होतो, ओळखीच्या शब्दांचा जास्त. 'स्टूल' म्हणजे बसायचं स्टूल हे प्रत्येकीला माहीत असतं. मग सिस्टर म्हणाली, बेड नंबर सातचं स्टूल (म्हणजे शौचाचा नमुना) लॅबला पाठव, तर बाई खरंच लाकडी स्टूल उचलायला जाते. 'थिएटर' म्हणजे सिनेमाचं, 'ड्रेसिंग' म्हणजे कपडे घालणं. 'पेशंट' म्हणजे रुग्ण हे पक्कं असतं, पण डॉक्टर नातेवाइकांना 'प्लीज बी पेशंट', म्हणजे धीर धरा, म्हणाले की तिला वाटतं यांनाही ॲडमिट करताहेत.

या बायका हुशार आहेत, त्यांना कमी लेखू नका. सलाईन संपत आलेलं त्यांना आमच्या आधी दिसतं. त्यांना शब्दाचा एकच अर्थ दिला गेला, अडचण तेवढीच आहे. म्हणून तुमच्या यादीत पातळी शब्दाला देऊ नका, अर्थाला द्या.

ध्वनिवेडा

नाइट_ड्युटी यांना +१०००. केंब्रिजची शब्दपातळ्यांची सूची नेमकी अशीच केलेली आहे. तिथे एका शब्दाच्या प्रत्येक अर्थाला वेगळी पायरी आहे. 'रन' म्हणजे धावणे खालच्या पायरीवर, 'रन अ बिझनेस'मधलं रन वरच्या पायरीवर. तुमच्या पोळी-भाजीवाल्या ताईंना मात्र दुसराच आधी लागणार, कारण त्या धावत नाहीत, धंदा चालवतात.

आता उच्चाराचं. देवनागरीच्या बाजूने माझंही मत, पण डोळे उघडे ठेवून. मराठीत एक मोठी सोय आहे, ॲ आणि ऑ. २००९ च्या शासकीय वर्णमालेत हे दोन्ही स्वर अधिकृतपणे आले, त्यामुळे 'बॅट', 'बॉल' आपण नीट लिहितो. दुसरी सोय व आणि व्ह. 'वेट' आणि 'व्हेट' आपण वेगळे लिहितो. फक्त 'व्ह' लिहिल्यावर माणसं त्यात ह ची हवा घालतात. इंग्रजीत ती हवा नाही. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि आवाज सोडायचा, बस.

अडचण येते ती च आणि ज मध्ये. 'जग' असं लिहिलं तर मराठी माणूस ते 'सारं जग' मधलं जग वाचणार. पाण्याच्या जगचा ज वेगळा, जेवण-जीव मधला. आपल्याला हा फरक जन्मापासून येतो म्हणून आपण तो लिहीत नाही. शिकणाऱ्याच्या कागदावर मात्र 'ज्यग' असं लिहिलेलं बरं.

विरार_फास्ट

पाण्याचा ज्यग. उद्यापासून ऑफिसात असंच मागणार.

सातवा_मजला

थोडं विरुद्ध मत मांडतो. मी बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेतो, दादरला. माझ्या मुलांना पायऱ्या लागतात, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द लागतात, याद्या लागतात. 'आपल्या माणसाला काय जड' असं म्हणून प्रत्येकाने आपापली यादी केली तर परीक्षेत आलेला शब्द कुणाच्याच यादीत नसेल. प्रमाण पातळीला अर्थ आहे. गावाहून आलेल्या मुलाला स्वतः कुठे उभा आहे हे तिच्यामुळे कळतं, आणि त्याला कुणी फसवू शकत नाही. 'महिन्यात फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती लोकलच्या डब्यात बघतोच आपण. ज्याला पायऱ्या माहीत आहेत तो विचारेल, बाबा, कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर नेणार?

पाटीपेन्सिल

सातवा_मजला, फसवणुकीचा मुद्दा शंभर टक्के पटला. आमच्याकडच्या एका ताईंचे अशाच एका क्लासात बरेच पैसे गेले. हातात काय आलं, तर पाठ करायला एक जाड पुस्तक.

चाळकरी

आणि ते पुस्तक एबीसीडीच्या क्रमाने असतं. त्यामुळे सगळ्यांचा 'ए' पक्का. इंग्रजीत सगळं 'ए'वरूनच बोलायचं असतं तर आज अख्खी मुंबई साहेब झाली असती.

ध्वनिवेडा

चाळकरींचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सारखे दिसणारे शब्द एकाच बैठकीत शिकवले की ते एकमेकांत गुंततात, हे पॉल नेशन यांनी तपशिलाने मांडलंय. शब्दशिक्षणावर जन्मभर काम केलेला न्यूझीलंडचा अभ्यासक. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच. 'पुश' आणि 'पुल' एकाच दिवशी शिकवले की दारासमोर माणूस कायमचा गोंधळतो. एक आधी मुरू द्यावा, दुसरा नंतर.

त्यांचाच एक हिशेब सातवा_मजला यांच्यासाठी. लिखित इंग्रजीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यावी लागतात. बोलण्यासाठी सहा-सात हजार. मात्र पहिली दोन हजारच मजकुराचा फार मोठा भाग पेलतात. म्हणजे तुमच्या मुलांना पुढची हजारो लागतील, पाटीपेन्सिल यांच्या वर्गाला पहिली दोन हजार घट्ट हवीत. भांडण नाहीच, दोघांची गिऱ्हाइकं वेगळी.

सातवा_मजला

मान्य. पण माझी मुलंही त्या पहिल्या दोन हजारांत कच्ची असतात, हे आज कबूल करून टाकतो. 'अबँडन'ला चार समानार्थी शब्द सांगतील आणि 'पुट अप विथ'चा अर्थ विचारला की गप्प.

हेल्मेटवाला

मी त्या वर्गातलाच एक. ताईंनी धाग्याची लिंक दिली म्हणून खाते उघडले. डिलिव्हरी करतो, लोअर परळ ते वरळी.

मला शब्द कठीण जात नाही. विंग, लॉबी, लँडमार्क, इंटरकॉम सगळे येते. कस्टमर फोनवर बोलतो ते एकदम बोलतो. 'कॉल मी व्हेन यू गेट हिअर.' 'आय विल गेट बॅक टू यू.' 'डोन्ट गेट इट अप, आय ॲम गेटिंग डाऊन.' एकाच फोनमध्ये तीन-चार वेळा गेट. आधी वाटायचे गेटवर बोलावतो आहे. एकदा तर मी गेटवर उभा आणि तो लॉबीत उभा, दोघे एकमेकांची वाट बघत होतो, पार्सल थंड.

ताईंनी मग शब्द सोडून पूर्ण वाक्यच पाठ करून घेतली. आता 'गेट बॅक टू यू' आले की समजते की तो नंतर फोन करेल, आपण थांबायचे नाही. यादीत शब्दाच्या समोर असे वाक्य पाहिजे. आणि वाक्य आमच्या कामातले पाहिजे. पुस्तकात 'ही गॉट अ लेटर' असते. आम्हाला लेटर कोण देतो.

नाइट_ड्युटी

हेल्मेटवाला भाऊ, छान लिहिलंत. लिहीत राहा.

खारी_बिस्कीट

खरंय. डोळे भरून आले वाचून. माझी आई पण अशीच फोन कट करायची, समोरून इंग्रजी आलं की.

शिलालेख

माझा मुद्दा जरा वेगळा. टेन्शन, ॲडजस्ट, अर्जंट मराठीत इतके घुसलेत याचा इथे सगळ्यांना आनंदच दिसतोय. ताण, जुळवून घेणं, तातडीचं हे शब्द कुठे गेले? इंग्रजी शिकवताना मराठी शब्द पुसला जातोय याचं कुणाला काही वाटत नाही का?

गिरगावकर_आजोबा

शिलालेख, वाटतं. मला तर फार वाटतं. पण म्हणूनच अर्थाच्या रकान्यात नीट मराठी शब्द लिहिला पाहिजे. 'ॲडजस्ट म्हणजे ॲडजस्ट करणे' असं लिहून भागणार नाही. याच मुंबईत १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. मधे १८४७ मध्ये कँडीचा इंग्रजी-मराठी कोश. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठीच्या किती छटा दिल्या आहेत ते एकदा बघाच. चांगला अर्थ लिहिणारा दोन्ही भाषांची सेवा करतो.

शिलालेख

हे मान्य आहे. धन्यवाद आजोबा.

कारखाना_गल्ली

अवांतर: गाडीच्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, ते वेल्समधल्या लानेल्ही गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमारास तिथे असं जादा चाक बनवू लागले. आज लंडनमध्ये मेकॅनिकला स्टेपनी मागितली तर तो बघतच राहील. असे शब्द यादीत वेगळ्या रंगात लिहा. आपल्याकडे चालतात, बाहेर नाही. 'हॉटेल'ही त्यातच. आपण हॉटेलात मिसळ खातो, त्यांच्या हॉटेलात राहायला जातात.

विरार_फास्ट

मिसळ मिळत नसेल तर त्या हॉटेलात जायचं कशाला?

ध्वनिवेडा

हॉटेलवरून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उच्चारातली सर्वांत मोठी गोष्ट राहून गेली. आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर. 'डेव्हलप'मध्ये दुसऱ्या अक्षरावर, म्हणून ते ऐकू येतं 'डिव्हेलप'. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फटॉग्रफी'मध्ये तो सरकून 'टॉ'वर, 'फोटग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. जोर सरकला की आजूबाजूचे स्वर पुसट होतात. 'कम्फर्टेबल' असं सगळं स्वच्छ कुणी म्हणत नाही, ते 'कम्फ्टबल' होतं.

म्हणून देवनागरीत लिहा आणि जोराच्या अक्षराखाली पेनाने जाड रेघ मारा. आयपीएचं निम्मं काम त्या एका रेघेने होतं.

चाळकरी

मग आमचा 'प्लंबर' चुकीचा का? अख्खी चाळ प्लंबर म्हणते, आणि तो येतोही.

ध्वनिवेडा

येतो ना, मग राहू द्या. इंग्रजीत ते 'प्लमर', ब बोलत नाहीत. पण ही मुकी अक्षरं आली कुठून ते ऐका, शिकणाऱ्याला फार दिलासा मिळतो. 'डेट' म्हणजे कर्ज, त्याच्या स्पेलिंगमध्ये बी आहे. मध्ययुगात ते फ्रेंचमधून आलं तेव्हा तो बी नव्हता. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो घुसवला, बोलणाऱ्यांनी मात्र कधी उच्चारला नाही. 'आयलंड'मधला एस तसाच. 'नाइफ'चा के मात्र खरोखर बोलला जायचा. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार पुढे बदलतच राहिले. आपल्या विद्यार्थ्याला स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत असं वाटतं, तेव्हा तो बरोबर असतो. त्याला तसं सांगायला हवं.

नाइट_ड्युटी

एक निरीक्षण. बेस्टच्या 'डेपो'ला आपण कधीही 'डेपॉट' म्हणत नाही, स्पेलिंगमध्ये टी असूनही. 'डाऊट'मधला बी कुणी बोलत नाही. कारण हे शब्द कानाने आले. कंडक्टरच्या तोंडून, शेजाऱ्याच्या तोंडून. 'प्लंबर' पाटीवरून आला, डोळ्याने. जे कानाने येतं ते बरोबर बसतं. तेव्हा पाटीपेन्सिल, कागदाबरोबर आवाज द्या. प्रत्येकाकडे मोबाइल आहे. मी तुमच्या वर्गासाठी वॉर्डातले शब्द रेकॉर्ड करून देईन, एकदा सावकाश आणि एकदा आम्ही घाईत बोलतो तसे. घाईतलं महत्त्वाचं, कारण तेच कानावर पडणार आहे.

कॉलवर_आहे

ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये आहे. कानाच्या मुद्द्याला जोड. आम्हाला ट्रेनिंगमध्ये कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावली होती. 'पेन' म्हणताना पट्टी हलली पाहिजे. आपला प हवा सोडत नाही, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क हवा सोडतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपलं 'पिन' कधीकधी 'बिन' ऐकू येतं. परदेशाशी बोलणाऱ्यांनाच हे शिकवा. वरळीच्या गिऱ्हाइकाला आपला प बरोबर कळतो.

खारी_बिस्कीट

लक्षात कसं ठेवायचं यावर कुणीच बोललं नाही. यादी कितीही चांगली असली तरी आठवड्याने कोरी पाटी.

सातवा_मजला

याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते याद्या पाठ करण्याच्या धंद्यातूनच आलंय. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडतं, मग उडण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला लगेच-लगेच आणि नंतर अंतर वाढवत करायची. लाइटनर नावाच्या दुसऱ्या जर्मनाने त्यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. मी मुलांना मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करायला सांगतो. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची, मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो. पुढे शब्द, मागे अर्थ आणि वाक्य. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. पाच मिनिटांचं काम, करी रोड ते दादर उभ्याने होतं.

हेल्मेटवाला

हे करू शकतो. ऑर्डर लागेपर्यंत हॉटेलच्या बाहेर बसावेच लागते. आपल्या हॉटेलच्या.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी आज नव्याने आखायला घेतलीय. ए१-सी२ चा रकाना ठेवतेय, पण शेवटी आणि बारीक अक्षरात, म्हणजे कुणाला पुढे परीक्षा द्यायची असेल तर कामी येईल. त्याच्या आधी माझी स्वतःची खूण येईल: कानाला ओळखीचा, कानाला नवा, किंवा ओळखीचा पण इथे अर्थ दुसरा. तिसऱ्या खुणेचे शब्द लाल शाईने. 'स्टूल', 'थिएटर', 'पेशंट', 'गेट', 'रन' सगळे लाल. अर्थ लिहिताना शिलालेख यांची आठवण ठेवेन. ॲडजस्टपुढे 'जुळवून घेणे' लिहून झालंय.

एक अडचण अजून आहे. वर्गात सिक्युरिटीवाले आणि आया एकत्र बसतात. वाक्य कुणाच्या कामातलं द्यायचं?

हेल्मेटवाला

दोन्ही द्या ताई. आम्हाला पण हॉस्पिटलात जावे लागते, आणि त्यांच्या घरी पण पार्सल येते.

नाइट_ड्युटी

मला पहिल्या कागदावरचे लाल शब्द पाठवा. रविवारी सुट्टी आहे, रेकॉर्ड करते. घाईतला आवाज माझ्या सहकारी सिस्टरचा घेऊ, तिच्या बोलण्याला ब्रेक नाहीत.

पाटीपेन्सिल

पाठवते आज रात्रीच. वाक्यं तेवढी वॉर्डातली तुम्ही घाला, गेटवरची हेल्मेटवाला भाऊ सांगतील.